पक्कड पारखताना

पक्कड म्हणजे एका रिव्हेटभोवती फिरणाऱ्या दोन तरफा. रिव्हेटपासून मूठ 15 सेंटीमीटरवर आणि कटर दीड सेंटीमीटरवर असेल, तर मुठीवरचा 20 किलोंचा दाब तारेवर 200 किलोंचा होतो. हा दाब सोसावा लागतो तो धारेला, दात्यांना आणि सांध्याला. त्यामुळे दोन ब्रँडमधला खरा फरक मुठीच्या रंगात किंवा अंगाच्या चकाकीत सापडत नाही, तो याच तीन जागी सापडतो.

चांगल्या पक्कडीचे दोन्ही भाग तापलेल्या पोलादावर साच्यात घाव घालून घडवतात. पुढचे काम पाणी देण्याचे, आणि बहुतेक कंपन्यांची कसोटी तिथेच लागते. सबंध पक्कड सारखीच कडक केली तर ती ठिसूळ होते आणि जोर लावताच जबडा तडकतो. मऊ ठेवली तर कडक तार कापताना धारेतच खाच पडते. म्हणून अंग चिवट ठेवून फक्त धार इंडक्शनने तापवून आणखी कडक करतात. जर्मनीतल्या वुपरटाल इथल्या क्निपेक्सच्या कॉम्बिनेशन पक्कडीची धार रॉकवेल सी मापावर सुमारे 60 भरते. स्वस्त मालावरही ‘क्रोम व्हॅनेडियम’ ही अक्षरे ठळक उमटवलेली असतात. पण पाणी नीट बसले नसेल तर त्या अक्षरांवर पैसे घालवण्यात अर्थ नाही.

प्रत्येक नामांकित घराण्याची ओळख एखाद्या कामाशी जोडलेली आहे. शिकागोच्या क्लाइनची सुरुवात 1857 साली झाली ती तारखात्याच्या एका लाइनमनच्या मोडक्या पक्कडीपासून, असे कंपनी सांगते. मथायस क्लाइन यांनी मोडलेला अर्धा भाग नवा घडवून दिला. काही दिवसांनी जुना अर्धाही मोडला, तेव्हा तोही घडवला. आजही जाड तारा पिळणे आणि कापणे हेच क्लाइनच्या रुंद जबड्याचे खरे क्षेत्र आहे.

नळकामात तुलना अधिक स्पष्ट होते. पेनसिल्व्हेनियातल्या मीडव्हिलच्या कंपनीने 1933 साली खाचांवर सरकणाऱ्या जबड्याची पक्कड आणली, आणि तिच्याच नावावरून पुढे कंपनी चॅनेललॉक झाली. तिचा सांधा साधा, भक्कम आणि दुरुस्तीची फारशी गरज नसलेला आहे. मात्र माप बदलायचे तर दांडे फाकवून जबडा सरकवावा लागतो. क्निपेक्सच्या कोब्रामध्ये जबडा पाइपला टेकवून बटण दाबले की माप जागेवरच बसते. शिवाय तिचे दाते वळवण्याच्या दिशेविरुद्ध कललेले असल्याने जोर वाढतो तसे ते पाइपात अधिक रुततात आणि मूठ आवळून धरावी लागत नाही. भिंतीलगतच्या अडचणीच्या जागेत कोब्रा सरस ठरते यात शंका नाही. निकेल चढवलेल्या नळावर मात्र हेच दाते खुणा पाडतात, तिथे गुळगुळीत जबड्याचे हत्यारच हवे.

महाराष्ट्रात वायरमनच्या पिशवीत बहुधा दिसते ती नाशिकच्या टापरियाची आठ इंची पक्कड. जर्मन पक्कड तिच्या कितीतरी पट महाग पडते. तांब्याची आणि अॅल्युमिनियमची वायर कापणे, टोके पिळणे, नट धरणे एवढेच रोजचे काम असेल, तर त्या जादा पैशांचा मोबदला हाती येत नाही. दिवसभर स्टीलची कडक तार कापणाऱ्याला मात्र तो पुरेपूर मिळतो. जालंधर आणि लुधियाना इथूनही असंख्य नावांचा माल येतो. त्यात उत्तम आणि टाकाऊ दोन्ही असल्याने तिथे नावापेक्षा हातातला नग पाहावा.

पारख दुकानातच करता येते. पक्कड मिटून उजेडासमोर धरावी. कटरच्या धारांमधून प्रकाशाची रेघ दिसली तर बारीक तार तुटणार नाही, नुसती दबेल. वर्तमानपत्राचा कागद धारेत धरून दाबला तर तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखा कापला गेला पाहिजे. मग एक जबडा घट्ट धरून दुसरा आडवा हलवून पाहावा. तिथे खुळखुळ जाणवली तर सांधा सैल आहे, आणि तो वापराने आणखी सैलच होत जाणार. उलट नवी पक्कड थोडी घट्ट चालत असेल तर हरकत नाही. तेलाचा एक थेंब पुरतो.

मुठीवरच्या प्लास्टिकबद्दल बाजारात मोठा गैरसमज आहे आणि तो जिवावर बेतू शकतो. बुडवून चढवलेले रबरी आवरण फक्त पकडीच्या सोयीसाठी असते. विजेपासून संरक्षण देणाऱ्या मुठीवर दोन त्रिकोणांची खूण, 1000 व्होल्टचा आकडा आणि आयईसी 60900 हा मानक क्रमांक असतो. अशा हत्यारांची 10,000 व्होल्टला चाचणी घेतात. ही खूण नसलेली पक्कड, मग ती कोणत्याही कंपनीची असो, चालू लाइनवर वापरू नये. खूण असली तरी आवरणाला चीर पडली किंवा आतला दुसऱ्या रंगाचा थर दिसू लागला, की ती पक्कड विजेच्या कामातून बाद करावी.