शाळेची वर्गणी: काय चालतं, काय चालत नाही

वाशिम जिल्ह्यात आसेगाव म्हटलं की समोरचा विचारतो, "कोणतं? मंगरूळपीरचं, की रिसोडकडचं आसेगाव पेन?" शाळेच्या वर्गणीचा विषय निघाला, की मग गाव कोणतंही असो, पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "झेडपीच्या शाळेले पैसे कायले लागतात? सरकार देते ना सारं!"

सरकार देतं, हे खरंच आहे. शिक्षकांचा पगार, पाठ्यपुस्तकं, दुपारचा पोषण आहार हे सगळं वेगवेगळ्या वाटांनी येतं. पण शाळेच्या रोजच्या खर्चासाठी हातात पडतं ते समग्र शिक्षा योजनेचं संयुक्त शाळा अनुदान, आणि ते पटावर ठरतं. ३० मुलांपर्यंत वर्षाला १० हजार रुपये, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार. म्हणजे ९० मुलांच्या शाळेला महिन्याला दोन हजारांच्या आसपास. त्यातलाच किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च करायचा. उरलेल्यात वीजबिल, खडू, नळाची दुरुस्ती, शैक्षणिक साहित्य. पाण्याची मोटर जळली की वर्षाचं गणित कोलमडतं. गावाने भरून काढायची तूट आहे ती एवढी, हजारांतली.

याच्या उलट टोकाचा गैरसमज मला जास्त धोकादायक वाटतो. गाव उत्साहाला येतं आणि वर्गणीतून वर्गखोली किंवा संडास बांधायला निघतं. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीत प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं सुरक्षित पाणी, खेळाचं मैदान आणि कुंपण हे शाळेचे निकष म्हणून लिहिलेले आहेत. ते पुरवणं शासनाचं आणि स्थानिक प्राधिकरणाचं काम आहे. शेतमजुराच्या घरून पन्नास रुपये गोळा करून ते काम उरकलं, तर मागणीचा कागद पुढे सरकण्याचं कारणच उरत नाही. अशा सोयींसाठी ठराव करावा आणि शाळा विकास आराखड्यात मागणी नोंदवावी. ग्रामपंचायतीच्या वित्त आयोग निधीत पाणी आणि स्वच्छतेसाठी राखीव वाटा असतो, तो ग्रामसभेत मागावा. वर्गणी वाचनालयाची पुस्तकं, खेळाचं साहित्य, बालवाचकांसाठी सतरंज्या, विज्ञानाची पेटी अशा गोष्टींसाठी ठेवावी.

"पण सरकारी शाळेनं पैसे घेणं गुन्हाच आहे ना?" हा प्रश्न पालक विचारतात, आणि बरोबरच विचारतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ ने प्रवेशाच्या वेळी देणगी घ्यायला बंदी केली आहे. घेतलेल्या रकमेच्या दहापट दंड होऊ शकतो. पैसे प्रवेशाशी, दाखल्याशी, निकालाशी जोडले की ते बेकायदा. स्वखुशीच्या मदतीला मात्र हाच कायदा जागा ठेवतो. कलम २१ मध्ये शाळा व्यवस्थापन समितीच्या कामांत, शासनाकडून, स्थानिक प्राधिकरणाकडून 'किंवा अन्य कोणत्याही मार्गाने' आलेल्या निधीच्या वापरावर लक्ष ठेवणं हे काम नोंदवलेलं आहे. या समितीत किमान ७५ टक्के पालक असतात आणि निम्म्या महिला. म्हणजे हिशेब विचारणं हा पालकांचा कायद्याने दिलेला अधिकार आहे.

निधी म्हटलं की नजर आमदाराकडे, बड्या व्यापाऱ्याकडे किंवा पुण्या-मुंबईच्या कंपनीकडे जाते. आपल्या भागाचा इतिहास वेगळं सांगतो. वाशिम १ जुलै १९९८ ला स्वतंत्र जिल्हा झाला, त्याआधी तो अकोल्याचा भाग होता, आणि त्याही आधी हा मुलूख मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होता. त्या प्रांतात १९३७ नंतरच्या काँग्रेस मंत्रिमंडळाच्या काळात रविशंकर शुक्ल यांनी विद्यामंदिर योजना मांडली. गावाने शाळेला शेतजमीन द्यायची आणि तिच्या उत्पन्नावर शाळा चालायची, अशी ती कल्पना. योजना फार टिकली नाही. शाळेचा कायमचा खर्च पिकाच्या भरवशावर ठेवणं धोक्याचंच. पण शाळेसाठी शेतातून काही काढून ठेवायचं, हा विचार इथल्या मातीला नवा नाही.

तिकडे साताऱ्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं. मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही दिलं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. घराघरांतून येणाऱ्या मूठभर धान्याची आठवण मात्र कमी काढली जाते.

आपल्याकडे त्या मुठीचं आजचं रूप सोयाबीन आहे. २०० शेतकरी घरांनी हंगामात पाच-पाच किलो दिलं, तर दहा क्विंटल होतं. २०२४ च्या खरिपाचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. त्या हंगामात बाजार खाली होता म्हणून चार हजारांनी धरलं, तरी ४० हजार रुपये होतात. ९० मुलांच्या शाळेचं वर्षाचं अनुदान २५ हजार आहे, हे इथे आठवावं. एक पथ्य मात्र पाळायलाच हवं. ज्याच्या घरी माल आला त्यानेच द्यावं. मजुरी करणाऱ्या घरासमोर पोतं घेऊन उभं राहू नये, आणि पीक बुडालं त्या वर्षी कुणाहीसमोर.

आनंद मेळाव्याबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. मुलं भजी-चिवड्याचे स्टॉल लावतात, सुटे पैसे मोजतात, नफा-तोटा शिकतात. तो उत्तम गणिताचा तास आहे. पण तेल, बेसन, साखर आईच्याच डब्यातून आलेली असते, तो खर्च वजा केला की हाती फार उरत नाही. निधीसाठी त्याहून सोप्या गोष्टी आहेत. संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला प्लास्टिकच्या डबीऐवजी शाळेच्या नावाने एक गोष्टीचं पुस्तक. वाढदिवसाला चॉकलेटऐवजी एक चेंडू. दिवाळीत गावी आलेल्या माजी विद्यार्थ्यांची एक बैठक, आणि त्यांच्यासमोर नेमकी यादी: काय हवं, किती हवं, किंमत काय.

मुलांच्या हाती पावतीपुस्तक देऊन त्यांना दारोदार पाठवणं मला कधीच पटलेलं नाही. ज्याच्या पुस्तकात कमी पावत्या फाटल्या, त्या मुलाचा चेहरा वर्गात पाहावा. आणि देणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिली, की न देणाऱ्यांची नावं न लिहिताही सगळ्यांना वाचता येतात.

राहिला पैसा ठेवायचा प्रश्न. "सरांच्या हातात दिले" ही पावती नव्हे. समितीचं बँक खातं अध्यक्ष आणि मुख्याध्यापक यांच्या संयुक्त सहीने चालतं. रक्कम तिथेच जमा व्हावी, आणि वस्तू आली तर साठा नोंदवहीत चढावी. चार तरुणांनी मिळून स्वतःच पावतीपुस्तक छापायचं ठरवलं, तर नोंदणीकृत न्यास नसताना अशा वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. केंद्राचं विद्यांजली पोर्टल २०२१ पासून आहे. तिथे शाळा आपली गरज नोंदवते, आणि मदत वस्तू किंवा सेवेच्या रूपात येते, पैशांच्या नव्हे. सप्टेंबर २०२३ च्या राज्याच्या दत्तक शाळा योजनेतही रोख देणगीला जागा नाही.

सोयाबीन ऑक्टोबरात घरात येतं. २६ जानेवारीला ध्वजवंदनासाठी सगळं गाव शाळेच्या पटांगणात असतं आणि त्याच दिवशी ग्रामसभाही असते. तिथे जमाखर्चाचा कागद मोठ्याने वाचायला पाच मिनिटं लागतात: किती किलो आलं, काय भावाने गेलं, त्यातून काय आणलं, खात्यात किती उरलं.