बिऱ्हाड नवे, नाव जुनेच



१९५६ सालच्या १ नोव्हेंबरला सौंसर आणि पांढुर्णा ही गावे जागची तसूभरही हलली नाहीत. परंतु आदल्या दिवसापर्यंत त्यांची राजधानी नागपूर होती, ती त्या दिवशी भोपाळ झाली. पुढे २०२३ सालच्या ऑक्टोबरात ह्या दोन तहसिली छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळ्या काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा करण्यात आला. तेव्हाही गावे तिथेच राहिली, कागद मात्र हलले. तेव्हा ह्या भागातल्या माणसाला कचेरी हलणे म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. दप्तर कोठे आहे, पाटी कोठे लावली आहे, आणि पाटी वाचून निघालेला माणूस दप्तरापाशी पोहोचतो की नाही, ह्या तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. आज मला बोलावयाचे आहे ते ह्याच तीन गोष्टींविषयी. फक्त कचेरीच्या जागी संकेतस्थळ आहे, एवढाच फरक.

शाळा, पतसंस्था, देवस्थान, संत्र्याचा व्यापारी, अशा कितीतरी जणांची आता स्वतःची संकेतस्थळे असतात. ती ज्या संगणकावर ठेवलेली असतात तो रात्रंदिवस चालू राहणारा सर्व्हर बहुधा दूरच्या शहरात असतो, आणि त्याच्यावरील जागा आपण वार्षिक भाड्याने घेतो. ह्या भाडेकरारालाच होस्टिंग म्हणतात. भाडे वाढते, जागा अपुरी पडते, पाने उघडावयास वेळ लागू लागतो, किंवा कंपनीच गाशा गुंडाळते. आणि मग बिऱ्हाड हलविण्याची वेळ येते.

संकेतस्थळाचे नाव आणि त्याची जागा ही दोन निराळी खाती आहेत. सर्व्हरला खरी ओळख असते ती एका क्रमांकाची. प्रचलित पद्धतीत शून्य ते दोनशे पंचावन्न ह्यांमधील चार आकड्यांची. इतके आकडे कोण लक्षात ठेवणार? म्हणून पॉल मॉकापेट्रिस ह्या अमेरिकन तज्ज्ञाने १९८३ साली नावांची एक जगद्व्यापी नोंदवही कल्पिली. आपण नाव लिहितो, नोंदवही क्रमांक सांगते, आणि संगणक त्या क्रमांकाकडे जातो. बिऱ्हाड हलवावयाचे म्हणजे सामान नव्या जागी न्यावयाचे आणि ह्या नोंदवहीतील क्रमांक बदलावयाचा. नाव तेच राहते.

परंतु ते नाव कोणाच्या नावावर नोंदलेले आहे, हे आधी पाहावे. पुष्कळदा असे घडते की, ज्या हौशी तरुणाने दहा वर्षांपूर्वी संकेतस्थळ करून दिले, त्याने नावही स्वतःच्याच खात्यावर घेतलेले असते. त्यात त्याचा काही दुष्ट हेतू नसतो. पण तो पुण्यास नोकरीला गेला, त्याचा दूरध्वनी बदलला, की संस्था अडकून पडते. शेत बटाईने दिले तरी खसऱ्यावर नाव आपलेच हवे, हे शेतकऱ्याला पक्के ठाऊक असते. संस्थेच्या चिटणिसांना मात्र ते ठाऊक असतेच असे नाही.

नावाचे झाले की सामानाकडे वळावे. हे सामान दोन प्रकारचे: पाने व चित्रे ह्यांच्या फाइली, आणि मजकूर, सभासद, मागण्या ज्यात साठविलेल्या असतात तो डेटाबेस. दोन्हींची नक्कल काढावयाची. मूळ उचलावयाचे नाही. हा भेद क्षुल्लक वाटेल, परंतु मोठमोठ्यांना तो महागात पडला आहे. मायस्पेस ह्या एकेकाळी जगप्रसिद्ध असलेल्या संकेतस्थळाने २०१९ साली कबूल केले की, सर्व्हर बदलण्याच्या कामात लोकांनी पूर्वी चढविलेले संगीत नष्ट झाले. बारा वर्षांची गाणी गेली ती गेलीच. आणि नक्कल कोठे ठेवावी? १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे एका मोठ्या होस्टिंग कंपनीची इमारत जळाली, तेव्हा ज्यांची नक्कलही त्याच आवारात होती त्यांचे दोन्ही गेले. म्हणून एक प्रत आपल्या स्वतःच्या कपाटातल्या डिस्कवर असावी.

आता आपल्या भाषेची खास अडचण. युनिकोडच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह साधारणतः तीन बाइट जागा घेते. ‘संत्रा’ हा शब्द आपल्याला दोन अक्षरांचा दिसतो, पण संगणकाच्या हिशेबी त्यात स, अनुस्वार, त, हलन्त, र आणि काना अशी सहा चिन्हे आहेत. म्हणजे अठरा बाइट. नव्या जागचा डेटाबेस पश्चिम युरोपातील लिपीसाठी मांडून ठेवलेला असला, तर तो प्रत्येक बाइटला एक अक्षर समजतो आणि संत्र्याच्या ठिकाणी अठरा चमत्कारिक खुणांची माळ उभी राहते. पहिल्यांदा पाहणारा घाबरून जातो. घाबरण्याचे कारण नाही. बहुतेक वेळा बाइट शाबूत असतात, केवळ वाचण्याची रीत चुकलेली असते, आणि ती सुधारली की मराठी परत येते. खरे भय आहे ते प्रश्नचिन्हांचे. अक्षरांच्या जागी ओळीने प्रश्नचिन्हे साठविली गेली असतील, तर त्या डेटाबेसाने अक्षरे ओळखता न आल्यामुळे टाकून दिलेली असतात. त्यांतून मूळ मजकूर कोणालाही काढता येत नाही. अशा वेळी जुनी जागा अजून आपल्या ताब्यात आहे की नाही, ह्यावर सारे अवलंबून राहते. म्हणून मोठी गाडी भरण्यापूर्वी पाचदहा पानांचा एक नमुना नेऊन पाहावा, आणि त्यात जोडाक्षरे, रफार, ‘ऱ्या’सारखी अक्षरे मुद्दाम असू द्यावीत.

सामान लागले की लगेच पाटी बदलू नये. आपल्या संगणकातच ‘होस्ट्स’ नावाची एक लहानशी फाइल असते. तिच्यात आपल्या संकेतस्थळाचे नाव आणि नवा क्रमांक लिहिला, की साऱ्या जगाला जुने घर दिसत असताना आपल्या एकट्याला नवे दिसते. सावकाश सर्व खोल्या फिरून पाहाव्यात, अर्ज भरून पाहावेत, शोध घेऊन पाहावा. नव्या जागी सुरक्षिततेचे प्रमाणपत्रही लागते. पुष्कळ ठिकाणी ते फुकट मिळते, पण नसेल तर वाचकाला धोक्याची सूचना दिसून तो दारातूनच परततो.

मग पाटी. नोंदवहीने दिलेले उत्तर मधले सर्व्हर काही काळ लक्षात ठेवतात. ही मुदत पुष्कळदा चोवीस तासांची असते. ती दोन दिवस आधी पाच मिनिटांवर आणून ठेवावी, म्हणजे क्रमांक बदलल्यावर लोक लवकर नव्या घरी येऊ लागतात. तरीही मधला काही काळ असा जातो की, एक गिऱ्हाईक जुन्या दारी आणि दुसरे नव्या दारी उभे असते. जुन्या दारी टाकलेली मागणी नव्या वहीत येत नाही. तेवढा वेळ अर्ज व मागण्या घेणे बंद ठेवावे हे उत्तम. साहजिकच हे काम आंबिया बहाराच्या तोडणीच्या दिवसांत काढू नये. आणि पांढुर्ण्याच्या एखाद्या संस्थेने पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, जांब नदीवर गोटमार चालू असता आणि बाहेरगावचे लोक गावाची माहिती शोधीत असता, तर मुळीच काढू नये.

माझ्या परिचयाच्या एका वाचनालयाचे स्थलांतर असे सर्व विधिपूर्वक झाले. अक्षरे शुद्ध, चित्रे जागच्या जागी. आठ दिवस गेले. चिटणीस एकदा सहज म्हणाले, “सभासद हल्ली पत्रे लिहीत नाहीत.” ईमेलची व्यवस्था जुन्याच जागी होती आणि नोंदवहीत टपालाची ओळ निराळी असते, हे कोणाच्या ध्यानातच आले नव्हते! सुदैवाने जुन्या जागेचे भाडे महिनाभराचे भरलेले होते, म्हणून पेटीत साचलेली पत्रे हाती लागली. त्यांत एका वृद्ध सभासदाने आपला ग्रंथसंग्रह वाचनालयास देऊ केला होता, आणि उत्तर न आल्यामुळे दुसऱ्या पत्रात थोडा रागही व्यक्त केला होता.

तेव्हा जुने घर निदान महिनाभर ठेवावे. तेथील सर्व्हर येणाऱ्याजाणाऱ्याची नोंद ठेवीत असतो. ती आठवड्यातून एकदा पाहावी. माणसांच्या फेऱ्या थांबून केवळ शोधयंत्रांचे फिरते हेर तेवढे येत आहेत असे दिसले, टपालाची पेटीही रिकामी राहू लागली, की मग किल्ली परत करण्यास हरकत नाही.