जनावरांची तांबडी लघवी : कारणे व उपाय

गाय किंवा म्हैस तांबडी लघवी करू लागली की 'उष्णता झाली' असे समजून तिला घरगुती थंड औषध पाजण्यात येते. त्यात दोन-तीन दिवस जातात आणि तेवढ्या अवधीत चांगले दुभते जनावर दगावू शकते. तांबडी लघवी हा स्वतंत्र रोग नव्हे. ते अनेक रोगांचे लक्षण होय.

प्रथम लघवी स्वच्छ काचेच्या बाटलीत घेऊन काही तास स्थिर ठेवावी. तांबडा साका तळाशी बसून वरचे पाणी निवळल्यास मूत्रपिंड, मूत्राशय अथवा मूत्रमार्गातून रक्त येत असावे. मूतखडा, इजा, दाह वा गाठ ही त्याची कारणे होत. साका न बसता सर्व लघवी कॉफीसारखी राहिल्यास रक्तातील तांबड्या पेशी शरीरातच फुटत आहेत, असे समजण्यास जागा आहे.

पेशी फुटण्याची दोन कारणे विशेष महत्त्वाची आहेत. पहिले गोचीड ताप. बॅबेसिया नावाचे सूक्ष्म जंतू गोचिडांच्या चाव्यातून रक्तात शिरतात. गोचिडांमुळे हा रोग पसरतो, हे स्मिथ व किलबोर्न यांनी १८९३ साली अमेरिकेत सिद्ध केले. यात ताप १०४ अंश फॅरनहाइटच्या वर चढतो. संकरित गाई यास लवकर बळी पडतात. दुसरे कारण स्फुरदाची उणीव. हा विकार बहुधा व्यालेल्या, अधिक दूध देणाऱ्या जनावरास पहिल्या महिन्यात होतो. म्हशीस गाभणपणाच्या अखेरीसही होतो. यात सहसा ताप नसतो. दोन्हींत पापण्यांची आतील बाजू फिकी पडते व दूध घटते.

म्हणून ग्रामसेवकाने ताप, विण्याची तारीख व अंगावरील गोचिडे यांची नोंद करून नमुन्यासह पशुवैद्यास त्वरित कळवावे. गोचीड तापावरील औषध निराळे व स्फुरदाची शिरेतील सुई निराळी. ती पशुवैद्यानेच द्यावी. लेप्टोस्पायरा जंतूंमुळेही लघवी तांबडी होते आणि हा रोग माणसासही जडतो. यास्तव अशा लघवीस उघड्या हाताने स्पर्श करू नये.

गोठ्याच्या भिंतींतील भेगा बुजवाव्यात, गोचिडांचा नियमित नाश करावा आणि गाभण व दुभत्या जनावरांस कोंडा व खनिज मिश्रण द्यावे. बाटलीभर लघवीची वेळीच केलेली पारख कुटुंबाचे दुभते वाचवू शकते.