टिटवीचे चार शनिवार

'प्लास्टिकचे दुष्परिणाम लिहा' या प्रश्नाला माझ्या सातवीच्या वर्गात पाचपैकी पाच गुण मिळतात, आणि मधल्या सुट्टीत वेफर्सचं रिकामं पाकीट खिडकीतून खाली जातं. पर्यावरण शाळेत शिकवा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ सालीच सांगितलं. आम्ही शिकवलंही, पण बाकावर बसवून.

म्हणून मार्चपासून दर शनिवारी शाळा सुटली की मी मुलांना पुण्याच्या वेताळ टेकडीवर नेऊ लागले. पहिल्या दिवशी नुसती पळापळ आणि "बाई, डबा कधी खायचा?" परतताना खडकाळ जागेवर एक टिटवी ओरडत अंगावर आली.

"बाई, ही ओरडली की कुणीतरी मरतं."

"अगं, तीच आपल्याला घाबरलीय."

जरा मागे सरकून पाहिलं, तर खड्यांत खड्यांसारखीच चार अंडी. साधारण चार आठवडे नर-मादी आळीपाळीने ती उबवतात, एवढंच मी सांगितलं.

दुसऱ्या शनिवारी मुलं न सांगता लांबून वळसा घेऊन गेली. तिसऱ्या शनिवारी कुत्रं फिरवणाऱ्या एका गृहस्थांना त्यांनी थांबवलं, "काका, साखळी लावा ना, इथे अंडी आहेत." चौथ्या शनिवारी जागा रिकामी. टिटवीची पिल्लं जन्मल्यावर लगेच चालू लागतात. ती चालत गेली की अंडी मुंगसाने नेली, यावर वर्गात आठवडाभर भांडण चाललं.

अमेरिकेत नॅन्सी वेल्स आणि क्रिस्टी लेकीज यांनी सुमारे २००० शहरी प्रौढांची पाहणी २००६ साली प्रसिद्ध केली. वयाच्या अकराव्या वर्षाआधी रानावनात हुंदडलेल्यांमध्ये निसर्गाची आस्था आणि तशी वागणूक जास्त आढळली. फुलं खुडणं, रोपं लावणं यांचाही संबंध दिसला, पण त्यामानाने कमी. लुईस चावला यांनी नॉर्वे आणि केंटकीतल्या पर्यावरण कार्यकर्त्यांना त्यांच्या वाटचालीबद्दल विचारलं, तेव्हा लहानपणची एखादी आवडती जागा आणि घरातलं कुणीतरी माणूस, हे पुन्हापुन्हा निघालं.

माझी मुलं बारा वर्षांची, म्हणजे आम्ही उशिराच निघालो. ती काही संत झालेली नाहीत. टेकडीवरचा कागद उचलतात, रस्त्यावर अजूनही टाकतात. टेकडी त्यांची झालीय, रस्ता अजून कुणाचाच नाही.

वर्षातून एकदा लांबची सहल काढण्यापेक्षा शाळेजवळचा एखादा माळ, ओढा किंवा देवराई निवडा, आणि तिसरी-चौथीपासून मुलांना पुन्हापुन्हा तिथेच न्या. खर्च काही नाही. पालकांच्या सहीची चिठ्ठी तेवढी लागते.