रातपाळीतलं जेवण आणि मन

रातपाळी संपवून आलेली परिचारिका सकाळी आठला अंथरुणावर पडते आणि दुपारी बाराच्या आत जागी होते. अंग मोडून आलेलं असूनही झोप पुरी का होत नाही? दोष फक्त कुकरच्या शिट्ट्यांचा नाही. मेंदूत सुमारे २० हजार चेतापेशींचं एक घड्याळ उजेडाच्या तालावर चालतं. अंधारात मेलॅटोनिन वाढतं, पहाटेपासून कॉर्टिसॉल आणि शरीराचं तापमान चढतं. तिनं डोळे मिटले, तेव्हा शरीर उठायला निघालेलं असतं. वर्षानुवर्षं रातपाळी करूनही बहुतेकांचं हे घड्याळ पुरतं उलटत नाही.

याचा ताण मनावर येतो. पाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांत नैराश्य अधिक आढळतं. त्याचं एक कारण मला फार महत्त्वाचं वाटतं, ते म्हणजे जेवणाची वेळ. यकृताचं घड्याळ अन्नावर चालतं; मध्यरात्री जेवलं की ते मेंदूच्या घड्याळापासून फारकत घेतं. बोस्टनमध्ये १९ जणांना प्रयोगशाळेत कृत्रिम रातपाळी करायला लावली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, रात्रीही जेवणाऱ्यांत नैराश्यासारखी मनःस्थिती सुमारे २६ टक्क्यांनी आणि चिंता १६ टक्क्यांनी वाढली. फक्त दिवसा जेवणाऱ्यांत ही वाढ दिसली नाही. प्रयोग छोटा आहे, तरी दखल घ्यावी असा.

पण सगळं कामगाराच्या डब्यावर ढकलणं अन्यायाचं होईल. पाळ्या लावणाऱ्यांनी सकाळ, दुपार, रात्र असा क्रम ठेवला, तर शरीराला तो उलट क्रमापेक्षा सोपा जातो.