कांद्याची चिंता आणि ज्ञानाची वाट



बंधू-भगिनींनो, आजचा विषय मदरशात शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मुलामुलीच्या मनात असतो, पण व्यासपीठावरून त्यावर फार कमी बोललं जातं. विषय आहे पैशाची चिंता. दीनचं शिक्षण चालू आहे आणि घरी भाडं थकलंय, बहिणीचं लग्न तोंडावर आलंय, अब्बांच्या हाताला काम नाही. समोर किताब उघडी आहे, पण मन हिशेबात अडकलंय. अशा वेळी काय करायचं?

या प्रश्नाला साधारण दोन उत्तरं मिळतात. एक, "अल्लाहवर भरोसा ठेव, सगळं ठीक होईल." दुसरं, "सोड ते शिक्षण, एखादं दुकान बघ." दोन्ही उत्तरं देणाऱ्याला सोपी आहेत. पण दोन्हींमुळे बोलणं तिथेच संपतं आणि मुलगा गप्प बसतो. मग एके दिवशी तो रमजानच्या सुट्टीत गावी जातो आणि परत येतच नाही.

आज मला एवढंच सांगायचंय की पैशाची चिंता वाटणं म्हणजे ईमान कमजोर असणं नव्हे. आपल्या मोठमोठ्या आलिमांना ही चिंता होती. त्यांनी ती दाबून ठेवली नाही, तिची सोय लावली. ती सोय कशी लावली ते नीट पाहिलं, तर आपल्यालाही रस्ता सापडतो.

सुफ्फा आणि उमर (रजि.) यांची पाळी

सुरुवात मदिनेपासून करू. मस्जिदे नबवीला लागून एक छप्पर असलेला ओटा होता, त्याला सुफ्फा म्हणत. घरदार नसलेले सहाबी तिथे राहत आणि पैगंबर मुहम्मद (स.) यांच्याकडून शिकत. हजरत अबू हुरैरा (रजि.) त्यांच्यातलेच. ते स्वतः सांगतात की भुकेने आपण मिंबरजवळ कोसळायचो आणि लोकांना वाटायचं की याला झटका आला. खरं तर ती भूक होती. बघा, ही गोष्ट त्यांनी नंतर, परिस्थिती सुधारल्यावरही लपवली नाही. हदीसच्या संग्रहात ती नोंदवली गेली.

सूरह बकराच्या 273व्या आयतीत अशाच लोकांचा उल्लेख आहे. अल्लाहच्या कामात अडकल्यामुळे त्यांना रोजीसाठी फिरता येत नाही, ते हात पसरत नाहीत, म्हणून अनोळखी माणसाला ते सुखवस्तू वाटतात, असा त्या आयतीचा आशय आहे. अनेक भाष्यकारांनी ही आयत सुफ्फावाल्यांशी जोडली आहे. आता ही आयत कोणाला उद्देशून आहे? देणाऱ्याला. म्हणजे न मागणाऱ्याला ओळखण्याची जबाबदारी समाजावर टाकली आहे. पण सगळा समाज तेवढा डोळस नसतो, हेही खरं. त्यावर पुढे बोलू.

दुसरं उदाहरण हजरत उमर (रजि.) यांचं. ते मदिनेच्या वरच्या भागात राहत होते. कामधंदा सांभाळून रोज पैगंबरांकडे (स.) येणं जमत नसे. मग त्यांनी एका अन्सारी शेजाऱ्याशी पाळी ठरवली. एक दिवस हे जाणार आणि संध्याकाळी त्याला सगळं सांगणार, दुसऱ्या दिवशी तो जाणार आणि यांना सांगणार. सहीह बुखारीत ज्ञानाच्या प्रकरणात ही हदीस आहे. म्हणजे कमाई आणि शिक्षण यांची सांगड घालणारा माणूस कमी दर्जाचा विद्यार्थी ठरत नाही. तो पुढे खलिफासुद्धा होऊ शकतो.

अबू हनीफा यांची थैली

आता कूफा शहरात येऊ. इमाम अबू हनीफा (र.) हे रेशमी कापडाचे व्यापारी होते. त्यांच्या दर्समध्ये एक गरीब मुलगा येत असे, नाव अबू यूसुफ. चरित्रकार सांगतात की एक दिवस वडिलांनी त्याला समजावलं, "बाळा, त्यांची भाकरी भाजून तयार आहे, तुला अजून कमवायची आहे. त्यांची बरोबरी करू नकोस." मुलाने दर्स कमी केला. इमामसाहेबांच्या ते लक्षात आलं. त्यांनी चौकशी केली आणि शंभर दिरहमची थैली हातात ठेवली. संपली की सांग, म्हणाले. पण सांगायची वेळ कधी आलीच नाही, थैली संपण्याआधी पुढची येत राहिली. हाच मुलगा पुढे अब्बासी खिलाफतीत सर्वोच्च काझी झाला, आणि हारून अल-रशीदसाठी त्याने 'किताबुल खराज' लिहिली. तो ग्रंथ राज्याच्या महसुलावर आहे. ज्याचं शिक्षण पैशापायी तुटत होतं, त्याने सरकारी खजिन्याचे नियम लिहिले!

या गोष्टीत वडील खलनायक नाहीत, हे लक्षात घ्या. त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. घरचे "कमव" म्हणतात तेव्हा ते दीनचे विरोधक नसतात, त्यांना चूल दिसत असते. त्यांच्याशी भांडू नका, त्यांच्यासोबत हिशेबाला बसा.

इमाम शाफई (र.) यांच्या नावे एक बोल सांगितला जातो. त्याचा अर्थ असा की घरात कांदा आणायची जबाबदारी माझ्यावर असती, तर मला एकही मसला समजला नसता. हे म्हणणारा माणूस ऐशआरामात वाढलेला नव्हता. वडिलांविना वाढला, आईकडे उस्तादला द्यायला पैसे नव्हते, कागद परवडत नसे म्हणून हाडांवर लिहायचा. उस्ताद उठून गेले की बाकीच्या मुलांना हा शिकवायचा, त्यावर फी माफ झाली. म्हणून कांद्याचं बोलणं अनुभवाचं आहे. चिंता मनाची जागा खाते. ती जागा मोकळी करणं हासुद्धा अभ्यासाचाच भाग आहे.

"मी तर जेवणासाठी आलो"

काही मुलांच्या मनात याहून खोल बोच असते. घरी परवडत नव्हतं म्हणून मदरशात टाकलं, राहणं-जेवण फुकट होतं म्हणून आलो, मग माझी नियत खरी कशी? अशा मुलांनी इमाम गझाली (र.) यांचं बालपण वाचावं. वडील वारले, ठेवलेले थोडे पैसे संपले. सांभाळणाऱ्या सूफी मित्राने दोघा भावांना सांगितलं की आता माझ्याकडे काही नाही, मदरशात जा, तिथे निदान पोटाला मिळेल. ते गेले. पुढे 1091मध्ये हाच मुलगा बगदादच्या निजामिया मदरशाचा मुख्य शिक्षक झाला. नंतर ते स्वतः म्हणत की आम्ही ज्ञानाकडे वेगळ्याच कारणाने आलो होतो, पण ज्ञानाने आम्हाला अल्लाहकडेच नेलं. म्हणजे नियत वाटेतही दुरुस्त होते. पोटासाठी आलेल्या मुलाने स्वतःला चोर समजू नये.

आपल्याकडची व्यवस्थाही अशीच उभी राहिली. देवबंदचा दारुल उलूम 1866मध्ये सुरू झाला. मौलाना कासिम नानौतवी यांनी घालून दिलेल्या तत्त्वांत सरकारच्या किंवा धनिकांच्या कायमच्या उत्पन्नापेक्षा सामान्य माणसाच्या छोट्या चंद्यावर भर आहे. तुमच्या ताटातली डाळ कोणा टेलरच्या, कोणा भाजीवालीच्या पैशातून आलेली असते. त्याची लाज वाटण्याचं कारण नाही, जाणीव मात्र असावी.

आता व्यवहाराचं बोलू

पहिली गोष्ट, चिंतेला आकडा द्या. "घरी खूप अडचण आहे" हे वाक्य मनात घोळत राहतं, कारण त्याला काठ नसतो. वही घ्या. साबण-तेल, रिचार्ज, औषध, गावी जायचं भाडं, किताबा, घरी पाठवायचे पैसे, सगळं लिहा. बेरीज केली की बहुतेक वेळा ती रक्कम भीतीपेक्षा लहान निघते. मोठी निघाली, तरी निदान कुणाला नेमकं सांगता येतं.

दुसरी, वेळेवर बोला. उस्ताद किंवा मोहतमिमसाहेबांना शिक्षण सोडायच्या आदल्या दिवशी नव्हे, तीन महिने आधी सांगा. हात पसरणं वेगळं आणि आपल्या जबाबदार माणसाला हकीकत सांगणं वेगळं.

तिसरी, जकातचे नियम समजून घ्या. ज्याच्याकडे निसाबइतकी, म्हणजे 612.36 ग्रॅम चांदीच्या किमतीची गरजेबाहेरची मालमत्ता नाही, तो विद्यार्थी जकात घेऊ शकतो. आई-वडील आपल्या मुलाला जकात देऊ शकत नाहीत, पण काका, मामा, आत्या, भाऊ-बहीण देऊ शकतात. आणि हनफी फिक्हनुसार देताना "ही जकात आहे" असं तोंडाने सांगावं लागत नाही, देणाऱ्याची नियत पुरते. ईदी म्हणून पाकीट दिलं तरी चालतं. सय्यद घराण्यातल्यांना जकात चालत नाही, त्यांच्यासाठी जकातीव्यतिरिक्त मदत काढावी. तुमच्यापैकी जे कमावते आहेत त्यांनी हे ऐकून ठेवा. दूरच्या पावतीपुस्तकाआधी आपल्याच नात्यातला शिकणारा मुलगा आठवा.

चौथी, कर्ज. पैगंबर (स.) ज्या दुआमध्ये चिंता आणि दुःखापासून आसरा मागत, त्याच दुआमध्ये कर्जाच्या ओझ्यापासूनही आसरा मागत. दोन्हींचं नातं त्यांना ठाऊक होतं. मोबाइलवर पाच मिनिटांत कर्ज देणारी ॲप आहेत, त्यांच्याकडे वळू नका. त्यात व्याज तर आहेच, शिवाय वसुलीचे फोन घरच्यांपर्यंत पोहोचतात. घ्यायचंच असेल तर ओळखीच्या माणसाकडून कर्ज-ए-हसना, म्हणजे बिनव्याजी उसने घ्या, आणि ते लिहून ठेवा. कुरआनातली सर्वांत लांब आयत उसनवारी लिहून ठेवण्याबद्दलच आहे. लिहिल्याने नातं तुटत नाही, उलट टिकतं.

पाचवी, हाताला काम. अबू दाऊदच्या संग्रहात एक प्रसंग येतो. मागायला आलेल्या एका अन्सारी माणसाच्या घरातलं कांबळं आणि वाटी पैगंबरांनी (स.) दोन दिरहमना विकली. एका दिरहमचं धान्य घरी पाठवलं, दुसऱ्याची कुऱ्हाड आणवली, तिला स्वतःच्या हाताने दांडा बसवला आणि त्याला लाकडं तोडायला पाठवलं. आधी घरात जेवण, मग हातात अवजार, हा क्रम लक्षात ठेवा. तुमची कुऱ्हाड कोणती? असरनंतर मोहल्ल्यातल्या मुलांना नाजरा शिकवणं, उर्दू-अरबी टायपिंग, शिलाई, मोबाइल दुरुस्ती, जे जमेल ते.

इथे कुणी विचारेल, दीन शिकवून पैसे घ्यावेत का? सुरुवातीच्या हनफी फकीहांनी कुरआन शिकवण्याची मजुरी नाकारली होती. पण बैतुलमालमधून शिक्षकांना मिळणारे वजीफे बंद झाले, तेव्हा नंतरच्या फकीहांनी शिकवणं, इमामत आणि अजान यांच्या मोबदल्याला परवानगी दिली. नाहीतर ही कामंच बंद पडली असती. तरावीहमध्ये कुरआन ऐकवण्याच्या मोबदल्याला मात्र देवबंदी उलेमा अजूनही नाही म्हणतात. म्हणजे फिक्हनेसुद्धा चुलीचा विचार केला आहे, आणि मर्यादाही आखली आहे.

सहावी आणि शेवटची, पुढची दारं उघडी ठेवा. मदरशात असतानाच राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून उर्दू माध्यमातही दहावी-बारावी देता येते. अलीगढ मुस्लिम विद्यापीठ, हैदराबादचं मौलाना आझाद उर्दू विद्यापीठ अशा ठिकाणी ठरावीक मदरशांच्या सनदेवर काही अभ्यासक्रमांना प्रवेश मिळतो. आपल्या मदरशाचं नाव त्या यादीत आहे का, हे सनद मिळाल्यावर नव्हे, आजच विचारा.

आणि तवक्कुल? तो या सगळ्यानंतरही लागतोच. उंट बांधून मग भरोसा ठेवायला शिकवलं आहे. हिशेब लिहिला, बोललो, काम शोधलं, तरी काही गोष्टी हातात राहत नाहीत. त्या रात्री किताब मिटून दुआ मागा आणि झोपा. सकाळच्या दर्सला हजर राहा.

कमावत्या मंडळींना मात्र वेगळं सांगतो. आज घरी गेल्यावर आपल्या नात्यातल्या एका विद्यार्थ्याला फोन करा. "अभ्यास कसा चाललाय?" एवढं विचारून ठेवू नका. "पैशाचं कसं चाललंय?" हेही विचारा. तो "ठीक आहे" म्हणेल. पुन्हा एकदा विचारा.

प्रश्न असतील तर आता घेऊ या. वस्सलाम.