चिमणराव : मालिका आणि बोलपट
(प्रक्षेपणाचे अंतर व कथनाची गती यांविषयी काही विचार)

दूरचित्रवाणीवरील मालिकेच्या गतीची चर्चा होते तेव्हा दोन भिन्न गोष्टींची गल्लत होते. एका भागात घटना किती वेगाने घडतात ही एक गोष्ट. दोन भागांच्या दरम्यान किती काळ जातो ही दुसरी. पहिली लेखक-दिग्दर्शकाच्या हाती असते, दुसरी बहुधा केंद्राच्या वेळापत्रकाच्या. ज्या मालिकेचे बोलपटाशी नाते असते तिच्या बाबतीत दुसरीचे महत्त्व विशेष आहे. कारण बोलपटात हे अंतरच नसते. मराठीत याचे उत्तम उदाहरण म्हणजे चि. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ.

ही जोडी प्रथम विनोदी कथांतून अवतरली. पुढे मास्टर विनायक यांच्या ‘लग्न पहावे करून’ (१९४०) आणि ‘सरकारी पाहुणे’ (१९४२) या बोलपटांत दामूअण्णा मालवणकर व विष्णुपंत जोग यांनी तिला पडद्यावर आणले. १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शनने तिच्यावर मालिका केली, तीत दिलीप प्रभावळकर चिमणराव व बाळ कर्वे गुंड्याभाऊ होते. आणि १९७९ साली विनय धुमाळे यांच्या दिग्दर्शनाखाली याच नटांना घेऊन ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ हा बोलपट निघाला.

मूळ कथा स्वयंपूर्ण आहेत. चिमणराव एका फजितीतून दुसरीत जातात. परंतु पहिलीपासून काही शिकत नाहीत, आणि वाचकाचीही तशी अपेक्षा नसते. मालिकेला ही रचना अत्यंत अनुकूल ठरली. त्या काळी घरोघर ध्वनिचित्रमुद्रणाची सोय नव्हती. हुकलेला भाग हुकलाच. म्हणून प्रत्येक भाग त्या बैठकीतच पुरा होणे इष्ट होते. शिवाय पात्रांचा परिचय पूर्वीच झालेला असल्यामुळे चिमणरावांचा भिडस्तपणा वा गुंड्याभाऊंचा दांडगेपणा पुनःपुन्हा समजावून सांगण्याचे कारण नव्हते. स्वभावनिष्ठ विनोद पुनरावृत्तीवर जगतो, आणि पुनरावृत्ती गोड लागण्यास मध्ये काही दिवस जावे लागतात. तीच लकब दोन तासांत दहा वेळा दिसली तर प्रेक्षक कंटाळतो. दहा भागांत दहा वेळा दिसली तर तो तिची वाट पाहतो.

बोलपटाला हा आधार नव्हता. फजित्यांची माळ ओवण्यास त्याला एक सूत्र लागते. ‘लग्न पहावे करून’मध्ये ते विवाह जमविण्याच्या खटपटीने पुरविले. परंतु १९७९च्या बोलपटापुढे आणखी एक पेच होता, आणि तो देगलूरसारख्या गावाकडून पाहिला म्हणजे नीट कळतो. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले व पुढील वर्षी पुण्यास त्याचे प्रक्षेपण पोहोचले. मराठवाड्यात मात्र तेव्हा प्रक्षेपकच नव्हता. लघुशक्ती प्रक्षेपकांचे जाळे देशभर पसरू लागले ते १९८४च्या सुमारास. नांदेडपासून सुमारे ८० किलोमीटरवर, तेलंगण व कर्नाटक यांच्या सीमेलगत असलेल्या या तालुक्याला मालिका पाहणे शक्य नव्हते. पेटीतून येणारा बोलपट तेवढा कोठेही पोहोचू शकत होता. म्हणजे एकाच बोलपटाचे प्रेक्षक दोन : ओळखीची माणसे पुन्हा भेटतील म्हणून येणारा मुंबई-पुण्याचा, आणि त्यांना प्रथमच पाहणारा बाहेरचा. पहिल्यासाठी परिचय लांबविला तर गती मंदावते. दुसऱ्यासाठी तो गाळला तर विनोदच उमगत नाही. दोघांनाही सर्वस्वी संतुष्ट करणारी पटकथा लिहिता येते असे वाटत नाही.

अंतराचा परिणाम किती स्वतंत्र असतो हे रामानंद सागर यांच्या ‘रामायण’ मालिकेने अनायासे दाखवून दिले. याच कथेवर विजय भट्ट यांनी १९४३ साली ‘रामराज्य’ हा बोलपट काढला, तेव्हा त्यांनी सीतात्यागाचा उत्तरभागच निवडला. मालिकेला ती निवड करावी लागली नाही. जानेवारी १९८७ पासून दर रविवारी सकाळी ती दाखविली जाऊ लागली. प्रथम योजलेल्या ५२ भागांचे ७८ झाले. तिची संथ गती, एकेका मुखावर रेंगाळणारा कॅमेरा, हे दोष म्हणून दाखविले गेले. पण सप्ताहातील कीर्तन ऐकणाऱ्यास कथा ठाऊक असते, घाई नसते. आठवड्याच्या अंतराने ही गती त्याच जातीची वाटे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात हेच भाग सकाळी व रात्री असे रोज दाखविले गेले. चित्रण तेच होते. तथापि सकाळी सुटलेला बाण रात्रीच लागत असल्यामुळे वाट पाहण्याचा अंश लोपला, आणि मालिका एखाद्या प्रदीर्घ बोलपटासारखी पाहिली गेली.

दैनंदिन मालिकांनी हे अंतर एका रात्रीवर आणून ठेवले. तेथे घटना ताणली जाते ती बहुधा लेखकाच्या आळसामुळे नव्हे, रोजच्या भागाची भूक भागवावी लागते म्हणून. त्यातच मराठवाड्याने भारनियमनाची वर्षे काढली. वीज गेलेल्या संध्याकाळचा भाग दुसऱ्या दिवशीच्या पुनःप्रक्षेपणात पाहणाऱ्यास किंवा शेजारणीकडून ऐकणाऱ्यास तीच रेंगाळलेली कथा सोयीची होती. दोन भाग चुकले तरी धागा सापडे. मुंबईच्या समीक्षकास जो पाल्हाळ वाटतो तो येथे उपयोगी पडलेला असू शकतो.

यास्तव केवळ चित्रफिती तपासून गतीचा निर्णय देणे अपुरे आहे. देगलूर परिसरात चिमणरावांना प्रथम पुस्तकात, प्रथम बोलपटात आणि कालांतराने पुनःप्रक्षेपणात भेटलेले वाचक-प्रेक्षक असू शकतात. कोणास कोणता अवतार आधी भेटला, आणि त्यामुळे पुढचा संथ वाटला की घाईचा, हे त्यांच्याकडून टिपून घेणे पदव्युत्तर विद्यार्थ्यांस एका सत्रात साधण्याजोगे काम आहे.